आतून बाहेरकडे : एका जुन्या सीडी प्लेअरची संगत

दृश्य : संध्याकाळची खोली. काळी, चपटी पेटी. बोट बटण दाबतं. हिरवट आकडे उजळतात आणि ट्रे बाहेर सरकतो.

हा आवाज आधी नीट ऐका. आत एक छोटी मोटर आहे, तिच्यावर रबरी पट्टा आहे आणि त्या पट्ट्याच्या जोरावर ट्रे प्लास्टिकच्या दात्यांवरून बाहेर येतोय. चकती ठेवायची आणि बटण दाबूनच आत पाठवायची. बोटाने ढकलायची नाही.

आता दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, असं वाटेल. आत मात्र धांदल उडालेली असते. भिंग वर-खाली होत चकतीचा नेमका थर शोधतं, चकती वेग धरते, आणि लेझर अगदी आतल्या कडेला लिहिलेली अनुक्रमणिका वाचतो. गाणी किती, कोणतं कुठून सुरू होतं, एकूण वेळ किती, सगळं तिथे आहे.

दृश्य : डिस्प्ले जवळून. १२ गाणी. ५३ मिनिटं, ४० सेकंद.

ही चकती संपेपर्यंत आपण याच खोलीत बसणार आहोत.

हा प्लेअर माझ्याकडे आला तेव्हाच बराच वापरलेला होता. झाकणावर चरे, एका बटणावरची अक्षरं पुसलेली. नवा होता तेव्हाही तो कुणाच्या दिवाणखान्याची शान वगैरे नसावा. साधं, मधल्या प्रतीचं यंत्र. पण माझं म्हणणं मी सुरुवातीलाच सांगून टाकते : अशा स्वस्तात मिळालेल्या जुन्या प्लेअरवर संगीत पुरेपूर ऐकता येतं. त्याचं बरंचसं श्रेय या पेटीइतकंच चकतीला आहे. अवघड काम चकती घडवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलंय.

दृश्य : चकती उजेडात तिरकी धरलेली. सप्तरंगी पट्टे फिरतात.

१२० मिलिमीटर रुंद, १.२ मिलिमीटर जाड. पारदर्शक पॉलीकार्बोनेट, त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकर आणि वर छापलेलं नाव. हे रंग दिसतात ते आतल्या बारीक रेघांमुळे. खरं तर रेघ एकच आहे. मध्यापासून बाहेरकडे वेटोळं घेत गेलेली. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे मिलिमीटरभर जागेत सहाशेहून जास्त वेढे. पूर्ण भरलेल्या चकतीवरचं हे वेटोळं उलगडून सरळ केलं, तर ते पाच किलोमीटरच्या पुढे जाईल.

त्या वाटेवर खळगे आहेत. खळग्याची कड आली की एक, कड नसेल तिथे शून्य. या एक-शून्यांमधून आवाजाची मापं पुन्हा उभी राहतात. सेकंदाला ४४,१०० मापं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची वेगळी, प्रत्येक माप १६ बिटांचं, म्हणजे सोळा एक-शून्यांचं. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतचा सगळा चढउतार त्या पायऱ्यांवर बसतो.

४४,१०० हाच आकडा का, याची हकिकत मला फार आवडते. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात आणि मापं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा घ्यावी लागतात, हे गणित आधीपासून ठाऊक होतं. पण एवढी आकडेवारी साठवायची कशावर? त्या काळी हाताशी होते व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या रेघांमध्येच आवाजाची मापं भरली जात. एका रेघेत ३ मापं, अशा २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा. करा गुणाकार. टीव्हीच्या रेघांचा हिशोब असा गाण्यांच्या चकतीत कायमचा येऊन बसला.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचे नियम पक्के केले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला. पुढे यंत्रं बदलली, स्वस्त झाली, हलकी झाली, पण ते नियम तसेच राहिले. त्या पहिल्या वर्षांतली चकती आज माझ्या प्लेअरमध्ये चालते आणि आज छापलेली चकती त्या पहिल्या प्लेअरमध्ये चालायला हवी. घरातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

दृश्य : डिस्प्लेवर दुसरं गाणं. ०६:१५. कॅमेरा स्पीकरच्या जाळीकडे सरकतो.

इथे थोडं थांबू. ऐकू.

दृश्य : वीस सेकंद फक्त संगीत. निवेदन नाही.

गायिकेने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकलात? मागे खरखर नाही, म्हणून तो श्वास मोकळा ऐकू येतो. आणि लांबलेला सूर कुठेही डगमगला नाही. फिरणाऱ्या यंत्रात वेग किंचित कमी-जास्त होणारच. पण इथे चकतीवरची मापं आधी एका छोट्या साठवणीत जमा होतात आणि तिथून स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. चकतीची लय थोडी ढळली तरी गाण्याची लय ढळत नाही. ही सोय महागड्या प्लेअरपुरती नाही, माझ्या या साध्या पेटीतही आहे.

आता चऱ्यांबद्दल. जुन्या चकत्या घेताना सगळे आधी याच धास्तीने त्या उलट्या करून बघतात. लेझरचा झोत चकतीच्या खालच्या पृष्ठभागावर पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. तो आत जाता जाता निमुळता होत दीड-दोन मायक्रॉनवर येतो. त्यामुळे वरची धूळ, बारीक रेघा त्याच्या नजरेला अंधुक दिसतात. तो त्यांच्या पलीकडे पाहतो. आणि तरीही काही हरवलंच, तर पुढचं काम गणिताचं.

१९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी चुका शोधून दुरुस्त करणारी एक सांकेतिक पद्धत मांडली. व्हॉयेजर २ यानाने युरेनस आणि नेपच्यूनवरून पाठवलेली छायाचित्रं पृथ्वीपर्यंत धड पोहोचावीत म्हणून हीच पद्धत वापरली गेली. सीडीवरही तीच आहे. शिवाय शेजारशेजारची मापं चकतीवर मुद्दाम लांब-लांब पेरलेली असतात. एका ठिकाणी घाव बसला, तर अनेक शब्दांतलं एकेक अक्षर पुसलं जातं, पण अख्खा शब्द कुठलाच जात नाही. वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला, तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. अंदाजाने नाही, तंतोतंत.

दृश्य : मऊ कापडाने चकती पुसणारे हात. मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत.

म्हणूनच पुसायची पद्धत अशी. गोल-गोल पुसताना चरा पडलाच, तर तो वाटेच्या दिशेने पडतो आणि सलग लांब तुकडा खाऊन टाकतो. मध्यापासून कडेकडे पुसलं, तर तो वाट आडवी कापतो. तेवढं गणित सांभाळून घेतं. खरी जपायची बाजू मात्र वरची, नाव छापलेली. खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लास्टिकचं कवच आहे. वर ॲल्युमिनियमला फक्त लॅकरची झिल्ली. तिथे खोल ओरखडा गेला की संगीतच खरवडलं जातं. जुनी चकती घेताना दिव्यासमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, तर थर तिथे गेलेला आहे.

दृश्य : डिस्प्लेवर २१:०८. मग प्लेअरचं झाकण उघडं, वायर भिंतीपासून काढलेली.

हे चित्रण आधीचं आहे. प्लेअर घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ट्रे उघडेना. बटण दाबलं की आत मोटरची गुणगुण ऐकू यायची, पण ट्रे जागचा हलायचा नाही. मला वाटलं, संपलं सगळं. झाकणाचे स्क्रू काढले तेव्हा कळलं, एक रबरी पट्टा सैल पडला होता. अंगठीएवढा. वर्षानुवर्षं ताणलेल्या स्थितीत बसून तो चकचकीत आणि गुळगुळीत झाला होता. मोटर त्याच्यात नुसतीच घसरत होती. त्याच मापाचा नवा पट्टा बसवला आणि ट्रे पहिल्यासारखा बाहेर आला. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही. जुन्या प्लेअरचं दुखणं पुष्कळदा एवढंसंच असतं.

दृश्य : हरभऱ्याहून लहान भिंग, अगदी जवळून. निळसर छटा.

आणि हे भिंग. बारीक तारांवर तोललेलं आहे, भोवती इवलीशी वेटोळी. चकती फिरताना जराशी डुलते. तिच्यासोबत हेही सेकंदाला कितीतरी वेळा वर-खाली होत राहतं. यावर धुळीचा पडदा साचला की गाणी अडखळायला लागतात. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, आणि फुंकर घातल्याइतका हलका हात. बस. वीज बंद असतानाच. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालवू नका, लेझर अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. शेजारी एक बारीक स्क्रू दिसेल, लेझरची ताकद वाढवणारा. त्याला हात लावू नका. थकलेल्या लेझरला आणखी पिळून काढायचं आणि त्याचे उरलेले दिवस संपवायचे, एवढंच त्यातून साधतं.

घेण्याआधी काय पाहावं, हे मला विचारतात. माझी रीत साधी आहे. सोबत दोन चकत्या न्यायच्या. पहिली काठोकाठ भरलेली, सत्तर मिनिटांच्या पुढची. तिचं शेवटचं गाणं लावायचं. सीडी आतून बाहेरकडे वाजते, त्यामुळे लेझरची गाडी रुळावर शेवटपर्यंत सरकते की नाही, ते शेवटच्या गाण्यातच कळतं. रुळावरचं वंगण वाळलं असेल, तर पहिलं गाणं छान वाजतं आणि अकरावं उड्या मारतं. दुसरी घरी लिहिलेली सीडी. ती कारखान्यातल्या सीडीपेक्षा उजेड थोडा कमी परतवते, म्हणून अशक्त लेझर तिथे चाचपडतो. ती झटकन वाचली गेली, तर निर्धास्त व्हा. मागची पट्टीही वाचा. ११० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टला लावलं तर जळेल. रिमोट मिळाला तर उत्तम. काही प्लेअरमध्ये आवडीच्या क्रमाने गाणी लावायची सोय फक्त रिमोटवरच असते.

डीव्हीडी प्लेअरही सीडी वाजवतो आणि चांगली वाजवतो. पण पुष्कळांच्या पुढच्या पट्टीवर गाण्याचा क्रमांकसुद्धा धड दिसत नाही, टीव्ही लावावा लागतो. ऐकायला बसल्यावर समोर पडदा नको, म्हणून मी सीडी प्लेअरच्या बाजूची.

दृश्य : पेटीच्या मागची लाल-पांढरी पिन. केबल ॲम्प्लिफायरकडे जाते.

लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे. जोडणी एवढीच. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचे कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे भाग, होते, सोनीत १६ चे. या चर्चेत पुढे लोकांनी आयुष्यं घालवली. ती चर्चा रंगतदार आहे, मलाही तिच्यात रस आहे. पण प्लेअर बदलला तेव्हा माझ्या खोलीत फरक कानाला थोडा लागला आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले तेव्हा पुष्कळ. हातात काही उरलं तर ते स्पीकरसाठी ठेवा.

दृश्य : डिस्प्लेवर ४४:३०. खुर्चीत बसलेली व्यक्ती, मांडीवर चकतीसोबतची पुस्तिका.

मधली गाणी कधी गेली? नववं गाणं मला पूर्वी आवडायचं नाही. फोनवर असते तर पहिल्या दहा सेकंदांत पुढे गेले असते. इथे उठायचा कंटाळा केला, दोन-चारदा ते पूर्ण वाजू दिलं, आणि हळूहळू कळलं की दहाव्या गाण्याची सुरुवात इतकी हलकी का वाटते. नवव्याने ती जागा तयार केलेली असते. हा क्रम कुणीतरी बसून, ऐकून, ठरवून लावलेला आहे. पुस्तिकेत साथीदारांची नावं आहेत, ध्वनिमुद्रण कुणी केलं तेही आहे. मी ती वाचते आणि मग तोच माणूस मला वाजवताना ऐकू येतो.

दृश्य : फिरणाऱ्या चकतीचं ॲनिमेशन. तिचा वेग आता मंदावलेला.

सुरुवातीला, मध्याजवळ, ती मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेत होती. बाहेरचा वेढा लांब, म्हणून लेझरखालून वाट तेवढ्याच वेगाने सरकावी यासाठी चकतीच सावकाश होत जाते. काठोकाठ भरलेली असेल तर शेवटी दोनशेवर येते. गाणं जसंच्या तसं चालू असतं.

दृश्य : ५३:४०. शेवटचा सूर विरतो. चकती थांबते, डिस्प्लेवर पुन्हा एकूण वेळ. ट्रे बाहेर येतो.

चकती हाताला किंचित कोमट लागते. कडेला धरून उचलायची, डबीच्या मधल्या दात्यांवर ठेवायची आणि मध्यभागी दाबायचं.

दृश्य : डबी मिटल्याचा आवाज. हात कपाटातल्या डब्यांवरून फिरतो, एका डबीवर थांबतो. ट्रे अजून उघडाच आहे.