रिकामी गाडी, उभी गाडी

मंडळी, वाहतुकीवर लिहिणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या लोकांसमोर बोलायचं आहे असं कळलं, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं होतं की मी लिहिणारा माणूस नाही. माझी बरीच वर्षं मालवाहू गाड्यांच्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोर पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे गाडी चालू, लाल म्हणजे उभी. डोळे मिटले तरी ते ठिपके दिसायचे. तेव्हा माझ्याकडून वाङ्मयाची अपेक्षा ठेवू नका. एक तक्रार मात्र घेऊन आलोय. वाहतुकीवरचं जे लिखाण माझ्या वाचनात येतं, त्यात गाडी कायम भरलेली असते आणि कायम धावत असते. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पैसा बुडतो तो रिकाम्या गाडीत आणि उभ्या गाडीत. आज मी या दोन गाड्यांबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात सायकलीपासून करू. सायकलीत काही झाकलेलं नसतं, साखळीसुद्धा उघडी असते.

1965 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांच्या गटानं पांढऱ्या रंगवलेल्या सायकली रस्त्यावर सोडल्या. कल्पना लूड स्खिमेलपेनिंक यांची. कुलूप नाही, भाडं नाही. दिसली की घ्यायची, पोचलात की तिथेच सोडायची. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यात ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं. मग या पोरांनी आकड्यांची कुलपं लावली आणि कुलूप उघडायचा आकडा सायकलीवरच रंगवून टाकला! नियमही पाळला गेला आणि हट्टही. योजना मात्र टिकली नाही.

पुढे 1995 मध्ये कोपनहेगननं हजारेक सायकली ठरावीक जागी उभ्या केल्या. नाणं टाकायचं, सायकल सुटते. परत लावली की नाणं हातात. सुधारणा झाली, पण नाण्याला चेहरा नसतो. सायकल कुणी नेली हे कळायला मार्ग नव्हता, आणि एका नाण्यात सायकल पदरात पडत असेल तर सौदा काही वाईट नाही! 1998 मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात कार्ड आलं. आता सायकल कुणाच्या नावावर गेली आणि सायकल अडकवायच्या कुठल्या खांबाला परत लागली, याची नोंद व्हायला लागली. 2005 मध्ये लिऑन आणि जुलै 2007 मध्ये पॅरिस यांनी हीच गोष्ट हजारो सायकलींवर नेली, आणि जगभरच्या महापौरांना आपल्याही गावात हे हवंसं वाटू लागलं.

बहुतेक लेख इथे येऊन थांबतात. चोरीचा प्रश्न होता, तंत्रज्ञान आलं, प्रश्न सुटला. एक तर तो सुटला नव्हता. पॅरिसमध्ये पहिल्या काही वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या, हजारो मोडल्या. पण क्षणभर धरून चालू की एकही सायकल चोरीला जात नाही. तरीही खरं दुखणं जागच्या जागीच राहतं.

पॅरिसमधली मोंमार्त्रची टेकडी घ्या. सकाळी टेकडीवरचा माणूस सायकल घेतो आणि न दमता, वारा खात खाली येतो. संध्याकाळी दमलेला तोच माणूस चढणीकडे बघतो आणि मेट्रो पकडतो. याला गुन्हा म्हणता येत नाही, आळसही म्हणता येत नाही. पण दुपारपर्यंत टेकडीवरचे खांब रिकामे आणि खालचे खचाखच. राहण्याची वस्ती आणि कचेऱ्यांची वस्ती यांच्यात टेकडी नसली तरी हेच होतं. पाणी उतारानं जावं तशा सायकली वाहत जातात.

यातलं एक बारीक गणित बाहेरून चटकन दिसत नाही. खांब रिकामे असतील तर काय होतं? माणूस चरफडतो आणि चालत जातो. एक फेरी बुडाली, संपलं. पण खांब भरलेले असतील तर? माणूस सायकलीवर बसून आलेला आहे, त्याला ती परत करायची आहे, जागा नाही, आणि त्याच्या नावावर घड्याळ चालू आहे. तो पुढच्या स्टेशनवर, म्हणजे खांबांच्या पुढच्या रांगेकडे जातो, तेही भरलेलं. कामाला उशीर होतोच, वर भाडंही चढतं. असा माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून सायकल योजना चालवणारे लोक भरलेल्या स्टेशनला रिकाम्या स्टेशनपेक्षा जास्त घाबरतात, आणि म्हणून सायकलींपेक्षा खांब पुष्कळ जास्त ठेवावे लागतात. ती रिकामी जागा वाया गेलेली नसते. सोंगट्या सरकवायला पटावर मोकळी घरं लागतातच.

मग दररोज ट्रक निघतात. इथल्या वीस सायकली उचल, तिथे टाक. प्रदूषण कमी करायला निघालेल्या सायकली डिझेलच्या गाडीत बसून फिरतात यावर हसायला हरकत नाही, पण योजना खर्चात जाते ती बरीचशी इथेच. पॅरिसनं टेकडीवरच्या स्टेशनांत सायकल लावणाऱ्याला फुकटची जादा मिनिटं देऊन पाहिली. न्यूयॉर्कच्या योजनेत, जी 2013 मध्ये सुरू झाली, भरलेल्या स्टेशनातली सायकल रिकाम्या स्टेशनात नेऊन लावली की गुण मिळू लागले. सकाळचा व्यायाम म्हणून तेवढंच करणारी माणसं निघाली. मला हा उपाय ट्रकपेक्षा शहाणा वाटतो.

तुमच्यासाठी यात एक कामाची सूचना आहे. नवी योजना जाहीर झाली की बातमीत सायकली किती तेवढंच असतं. त्याऐवजी विचारा, एक सायकल दिवसाला किती फेऱ्या करते? चार ते आठच्या आसपास असेल तर गाडं बरं चाललंय. एकीच्या खाली असेल तर समजा, की शहरानं उघड्यावर ठेवायला सायकली विकत घेतल्या आहेत.

आता या गोष्टीतलं सर्वांत महागडं प्रकरण. साधारण 2016 पासून चीनमध्ये बिनखांबांच्या सायकलींची लाट आली. मोबाइक आणि ओफो ही त्यातली मोठी नावं. मोबाइकच्या कुलपातच जीपीएस आणि सिम. ओफोच्या सुरुवातीच्या पुष्कळ सायकलींना साधं आकड्यांचं कुलूप होतं, आणि प्रत्येक सायकलीचा आकडा कायमचा ठरलेला. एकदा पाठ झाला की झालं! पन्नास वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅमचा रंगवलेला आकडा फिरून परत आला, फक्त या वेळी त्यामागे गुंतवणूकदारांचे अब्जावधी होते. 2018 संपता संपता ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या पुढे गेली, आणि शहराबाहेरच्या मैदानांत रंगीत सायकलींचे डोंगर उभे राहिले.

त्या डोंगरांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. त्या ढिगांत जीपीएसवाल्या सायकलीही होत्या. आपण कुठे आहोत हे त्या सायकलींना अगदी बरोबर ठाऊक होतं. गाडी कुठे आहे हे कळणं आणि गाडी हवी तिथे असणं यात किती अंतर आहे, ते मोजायचं असेल तर त्या ढिगाची उंची मोजा.

जीपीएस म्हटलं की लिखाणात एक चूक हमखास येते, ती इथेच निस्तरून टाकतो. ‘उपग्रहाची गाड्यांवर नजर’ असे मथळे देऊ नका. जीपीएसचा उपग्रह कुणालाही पाहत नाही. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवरून तो फक्त पुकारा करत असतो: मी अमुक, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. गाडीतलं यंत्र निदान चार उपग्रहांचे पुकारे ऐकतं आणि ते पोचायला लागलेल्या वेळांवरून आपली जागा स्वतः काढतं. तीन जागेसाठी आणि चौथा यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक धरण्यासाठी. एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर 300 मीटर. उंच इमारतींच्या मधे पुकारा भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. त्यावरून ड्रायव्हरला झापणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि हे सगळं गाडीच्या आतच राहतं. बाहेर जातं ते यंत्रातलं सिम मोबाइलच्या टॉवरला सांगतं म्हणून. नजर ठेवतो तो माणूस, उपग्रह बिचारा वरून वेळ सांगतोय.

मे 2000 पर्यंत अमेरिकेचं लष्कर सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिपका शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचा. ती मिसळ बंद झाली आणि रस्ता कुठला हे छातीठोक सांगता येऊ लागलं. ट्रकवाल्यांची सुरुवात त्याही आधीची. 1988 पासून अमेरिकेत क्वालकॉम कंपनीची ओम्नीट्रॅक्स ही उपग्रहामार्फत निरोप देण्याघेण्याची सोय ट्रकांमध्ये बसू लागली होती. त्यापूर्वी ड्रायव्हर वाटेत गाडी थांबवून फोन करायचा तेव्हाच मालकाला कळायचं. आणि मालकाला सगळ्यांत आधी काय जाणून घ्यायचं असायचं? रिकामा झालास का आणि कुठे झालास? कारण परतीचं भाडं जोडायचं असायचं. युरोपात आजही मालवाहू ट्रकांच्या एकूण किलोमीटरपैकी सुमारे पाचवा हिस्सा रिकामा जातो. सगळा आळस म्हणून तो पुसता येत नाही. दूध नेणाऱ्या टँकरमध्ये परतताना सिमेंट भरता येत नाही, आणि माल पिकवणारा प्रदेश नि माल खाणारा प्रदेश एकमेकांना सारख्या वजनाचं देत नाहीत. मोंमार्त्रची टेकडीच ती, फक्त चाकं जास्त.

उभ्या गाडीकडे वळतो. इथे पडदा सर्वांत जास्त फसवतो. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीची डावीकडचं वळण टाळण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं तर समोरची वाहतूक थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं. ते वाचवायला थोडा लांबचा रस्ताही परवडतो. ठिपक्यांच्या इतिहासातून निघालेलं शहाणपण म्हणतात ते असं असतं. त्यात कुणाला दरडावलेलं नाही. पण बहुतेक ठिकाणी ठिपका दरडावण्यासाठीच वापरला जातो. एसीत बसायचं, पडद्यावर लाल दिसलं की फोन उचलायचा: का थांबलास? आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि मी स्वतः वर्षानुवर्षं त्या उंटावर बसलेलो आहे.

नोंद ठेवणं वाईट असं मी म्हणत नाही. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि मे 2006 पासून नव्या मोठ्या गाड्यांत डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे गाडी कधी चालली आणि कधी थांबली हे टिपणारं यंत्र, ती नोंद ठेवतो. पेंगणाऱ्या ड्रायव्हरला ‘अजून जरा हाण’ म्हणणाऱ्या मालकाविरुद्ध तो पुरावा ड्रायव्हरच्याच कामी येतो. पण हीच नोंद भलत्या हातात गेली तर? 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या आदल्या वर्षाच्या 17 कोटींहून जास्त फेऱ्यांची माहिती बाहेर आली. गाडीचे नंबर सांकेतिक करून झाकले होते म्हणे. पण मुळात शक्य असलेले नंबरच इतके थोडे, की एका प्रोग्रामरनं सगळे नंबर त्याच सूत्रातून काढून जुळवून दाखवले. कुठला ड्रायव्हर दिवसभर कुठे होता, किती कमावलं, सगळं उघडं. नावं काढली की माहिती निनावी होते असं कुणी सांगितलं, तर ते जसंच्या तसं छापू नका. रोज रात्री ठिपका ज्या दारात थांबतो, त्या दारावर पाटी असते.

आमच्या कंट्रोल रूममधली एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. एका जुन्या ड्रायव्हरची गाडी एकाच गोदामाजवळ दर वेळी तासन्‌तास लाल दिसायची. मी फोन करायचो, ते म्हणायचे, “साहेब, लायनीत आहे.” मला ती सबब वाटायची, आणि महिनाअखेरीस त्यांच्या नावापुढे शेरा पडायचा. एकदा ते स्वतःच ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “तुमच्या त्या पडद्यावर माझ्या एकट्याची गाडी का बघता? त्याच जागी सगळ्यांच्या बघा की.”

मी बघितल्या. आमच्या ताफ्यातली जी गाडी त्या गेटवर गेली, ती तिथे लालच होती. नोंदी कित्येक महिने आमच्याकडेच पडून होत्या. काखेत कळसा होता आणि मी गावभर फोन करत होतो. त्या नोंदी छापून मी गोदामवाल्यांकडे गेलो आणि थांबण्याच्या वेळेचं भाडं मागितलं. पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, बघू. पुढच्या हंगामात त्यांनी मागच्या बाजूचं दुसरं गेट उघडलं. शेरा खोडायला मी रजिस्टर काढलं, तर ड्रायव्हर म्हणाले, “राहू द्या. त्यापुढे फक्त गेटचं नाव लिहा.”