बीपीची गोळी बदलली? आता वही खरी लिहा

नमस्कार. माझ्या हातातली ही वही माझ्या बाबांची आहे. बीपीची वही. हे पान बघा: १२८, १२६, १३०, १२८. सगळं कसं छान. आता इथे कडेला या, अगदी जवळून. पेन्सिलीनं लिहून खोडलेला १५६ दिसतोय? पहिला आकडा जास्त आला की बाबा परत मोजायचे, मग पुन्हा एकदा, आणि मनासारखा आला की तो पेनानं लिहायचे. डॉक्टरांनी वही पाहिली आणि तोच डोस चालू ठेवला. त्यांचं काय चुकलं? त्यांना दिसलं ते पेनाचं.

गोळीचा डोस वाढवायचा, कमी करायचा की दुसरी गोळी जोडायची, हे एका आकड्यावर ठरत नाही, सरासरीवर ठरतं. म्हणून सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, दोन्ही वेळा मध्ये एक मिनिट थांबून. सकाळचं मोजणं गोळी आणि नाश्त्याच्या आधी. सगळे आकडे लिहा, नको वाटणारेसुद्धा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ला असते.

मोजताना घाई नको. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा, पायाची घडी नको. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो. पट्टा दंडाला लहान पडत असेल तरी वाढतो. आणि मोजताना बोलू नका! आमच्याकडे नेमका तेव्हाच फोन वाजतो. वाजू द्या.

आता धीराची गोष्ट. ॲम्लोडिपिन रोज घेतली तरी शरीरात तिचं प्रमाण स्थिरावायला साधारण आठवडा लागतो. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे, कधी त्याहून जास्त. तेव्हा तिसऱ्या दिवशीच ‘या गोळीनं काही होत नाही’ म्हणू नका. उलटही तेच. एक दिवस ११८ आला म्हणून गोळी टाळायची नाही. तो ११८ गोळीमुळेच आलाय. मेटोप्रोलॉल, क्लोनिडिनसारखी औषधं तर एकदम बंद केली की बीपी उसळी मारू शकतं.

आकड्यांशेजारी त्रासही लिहा. ॲम्लोडिपिननं घोट्यांवर सूज येऊ शकते, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला. लघवी वाढवणारी गोळी किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल सुरू झाली की डॉक्टर काही दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं बीपी वाढतं, त्या घेतल्या असतील तर तेही लिहा.

उठताना गरगरतंय? मग बसून मोजा, उभे राहा, एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. जवळ कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर लगेच डॉक्टरांना कळवा. वयस्कर माणूस पडतो तो बऱ्याचदा अशाच वेळी.

बीपी १८०/१२० च्या वर दिसलं, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनानं जादा गोळी घेऊ नका. पण सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ अडखळतेय, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडतोय किंवा दिसायला अंधुक झालंय, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा.

बाबांचं हे पुढचं पान. पेनानं लिहिलेलं, १५४, १४८, १५१. याच पानावरून त्यांचा डोस बदलला.