डाव्या हाताला काम द्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दोन हातांची फ्लाय-कास्टिंग : हाताचं तंत्र’. म्हणजे लांब लवचिक काठीनं (रॉडनं) वजनदार दोरी (लाइन) फिरवून तिच्या टोकाचा हलका गळ लांब फेकायची मासेमारी. तंत्रावर येतोच, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या. आपण बोलतानासुद्धा डावं-उजवं करतो. मदतनीस जवळचा असला की तो ‘उजवा हात’, आणि कुणाला कमी लेखलं की त्याला ‘डावं मानलं’. हीच सवय आपण रॉड धरतानाही सोबत नेतो. उजवा हात वर, डावा खाली, आणि सगळी मेहनत वरच्यानंच करायची. खालचा आपला रॉडच्या बुडाला लटकलेला.

माझी दोन वर्षं यात गेली. पैसे भरून एक शिबिर केलं. कुठलं ते सांगत नाही, शिकवणाऱ्यांची नियत चांगलीच होती. पण तीन दिवस ऐकलं काय? ‘मनगट सरळ ठेवा, कोपर उचला, कपाळासमोर थांबा.’ सगळं वरच्या हाताचं. व्हिडिओ बघायला जावं तर खालचा हात पोटापाशी, जॅकेटच्या घडीत हरवलेला. तो काय करतोय ते दिसतच नाही, मग शिकणार कसं?

आता आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका. संध्यामठाच्या बाजूला पहाटे सहाला मी सरावाला जायचो. रॉड 13 फुटी, आणि लाइनच्या टोकाला गळ नाही, नुसता पिवळ्या लोकरीचा गोंडा. फिरायला येणारे विचारायचे, “मासं घावत्यात काय वो?” मी गोंडा दाखवायचो, की ते काळजीनं माझ्याकडं बघत पुढं जायचे.

एक वयस्कर गृहस्थ मात्र थांबायचे. धोतर, कोल्हापुरी पायताण, हातात वेताची काठी. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जवळ आले आणि म्हणाले, “आरं, त्यो खालचा हात नुस्ता ठेवायला आणलाईस व्हय?”

ते एका तालमीत मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद होते. लाठी, पट्टा, सगळं. मासेमारीशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी आपली काठी दोन्ही हातांत धरली आणि मला तिच्या टोकाशी तळवा धरायला सांगितला. वरच्या हाताची तीन बोटं त्यांनी उघडली. काठी फक्त अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात टेकलेली. मग खालचा हात झटक्यात बरगडीकडं ओढला. वीतभरसुद्धा हलला नसेल. टोक माझ्या तळव्यावर असं बसलं की मी हात झाडत उभा राहिलो. वस्ताद म्हणाले, “वरचा हात म्हंजे टेकू. टेकू कधी धावतोय काय?”

मी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काम केलंय, पहारीनं मशिनं सरकवलीत. तरफ, टेकू, भार, सगळं मला ठाऊक होतं. पण मासे धरायचा रॉड हीसुद्धा तरफच, हे कधी मनात आलं नव्हतं. मी तिथंच तीन बोटं सोडली आणि फेक केली. लाइन सरळ गेली, रीलवरून आणखी थोडी ओढून घेतली, आणि गोंडा पाण्यावर अलगद टेकला. वस्ताद “हां” म्हणाले आणि चालायला लागले.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. तर आता भराभर.

ही फेक मूळची स्कॉटलंडच्या स्पे नदीवरची, सॅमन माशासाठीची. मागं उंच काठ आणि झाडी, त्यामुळं लाइन मागं लांबवर फेकायची सोय नाही. भोगावती नदीला आपल्याकडं ऊस अगदी पाण्यापर्यंत आलेला असतो, तीच अडचण. म्हणून लाइन मागं पूर्ण न सोडता शेजारी इंग्रजी ‘डी’सारखा लूप करायचा. लाइनचं टोक क्षणभर पाण्याला चिकटलेलं राहतं, तो अँकर. हे चिकटणं गवतावर मिळत नाही, म्हणून सराव पाण्यावरच करा.

सुरुवातीला रॉडचं टोक पाण्याशी न्या, लाइनमध्ये ढील नको. सावकाश उचला, बाजूनं फिरवा. वरचा हात कानाच्या उंचीला येईल, खालचा छातीसमोर, अंगापासून थोडा पुढं. लूप निशाणाच्या बरोबर विरुद्ध दिशेला बनला पाहिजे, तिरका बनला की ताकद वाया गेली. मग खालचा हात छातीखाली बरगडीकडं ओढा आणि थांबा. रॉड उंचच राहू द्या.

आता गणित. हातांमध्ये फूटभर अंतर धरा, वर 12 फूट रॉड उरला. खालचा हात 6 इंच ओढला, तर रॉडचं वाकणं सोडलं तर टोक 6 फूट फिरतं. कुणी म्हणेल, वरच्या हातानं 6 इंच ढकललं तरी टोक जवळपास तेवढंच फिरतं. खरं आहे. फरक आहे तो थांबण्यात. खालच्या हाताला बरगडी आडवी येते, तो आपोआप थांबतो. वरचा हात कोपर सरळ होईपर्यंत पुढं जातच राहतो, तोवर टोक पाण्याकडं झुकलेलं असतं, आणि पुढं जाणाऱ्या लाइनचा लूप उघडा पडून ती जवळच कोसळते. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी जी पद्धत रुजवली तिचं नावच अंडरहँड आहे. खालच्या हाताला त्यांनी नावात मान दिला, आपण निदान काम तरी देऊ.

वाऱ्याचं एकच सांगतो. वारा उजवीकडून अंगावर येत असेल तर उजव्या खांद्यावरून फेकू नका, गळ कानात रुतेल. हात बदला, डावा वर घ्या, उजवा खाली. नवशिक्यांना याची धास्ती वाटते, पण मी पाहिलंय, पुष्कळांची फेक अशीच आधी सुधारते. उजवा खाली गेला की त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओढायचं काम मिळतं, आणि वर गेलेल्या डाव्याला दांडगाई करायची सवयच नसते. आठवडाभर असं करा, मग हात पुन्हा बदला. तेव्हा डाव्याला ओढ कशी द्यायची ते उजव्याकडं बघून कळेल.

घंटा झाली. रविवारी सहा वाजता संध्यामठापाशी या. माझे दोन रॉड आणि लोकर असेल. चष्मा आणि टोपी घालून यायचं, गोंडा असला तरी. आणि वरच्या हाताची तीन बोटं मी स्वतः उघडून बघणार आहे.