गव्हाच्या ओंबीचा शिक्का

उरणच्या रस्त्याने न्हावा-शेवा बंदराकडे ट्रेलरची रांग सरकते आहे. त्यांतल्या एका कंटेनरमध्ये यंत्राचे जड सुटे भाग लाकडी पॅलेटवर बांधून ठेवले आहेत. पॅलेटच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचे छोटे चित्र डागलेले दिसते. शेजारी भारताची खूण म्हणून ‘आयएन’, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि ‘एचटी’ ही अक्षरे आहेत.

‘एचटी’चा अर्थ असा, की हे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवले आहे, म्हणजे त्यात लपलेल्या किडी आणि अळ्या मेल्या आहेत. १९९६ साली न्यू यॉर्कमध्ये आशियातला एक लांब मिशांचा भुंगा सापडला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून समुद्रापार आल्याचा निष्कर्ष निघाला आणि त्याला थोपवण्यासाठी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. अशा धोक्यापायी प्रत्येक देशाने लाकडासाठी आपापला निराळा नियम केला असता, तर निर्यातदाराला बंदरागणिक वेगळे पॅलेट बनवावे लागले असते. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारातील देशांनी २००२ साली एकच मानक स्वीकारले, म्हणून ती वेळ आली नाही. या कराराचे सचिवालय रोममध्ये, अन्न व कृषी संघटनेत आहे. त्याच्याकडे पोलीस नाहीत. भारतातल्या शिक्क्याची जबाबदारी भारत सरकारची, आणि तरीही तो शिक्का परदेशात चालतो. अशा संस्थांना केवळ परिषदा भरवणाऱ्या समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

कंटेनरचे वजन जहाजावर चढवण्यापूर्वी पडताळावे, हा नियम लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा. तो १ जुलै २०१६ पासून लागू आहे. मालाची वर्गवारी ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने आखून दिली आहे. वाशीच्या बाजारातला आंबा तिच्या यादीत ०८०४५० या सहा अंकांत येतो, पेरू आणि मँगोस्टीनच्या सोबतीने. त्यापुढचे अंक कोणते जोडायचे आणि कर किती घ्यायचा, हे मात्र ज्या त्या देशाच्या हाती राहते.

शिक्का नसलेले पॅलेट परत पाठवायचे की नष्ट करायचे, हेही माल उतरवून घेणारा देशच ठरवतो. परदेशातून न्हावा-शेव्याला आलेला कंटेनर तपासणीसाठी उघडला जातो, तेव्हा आपला अधिकारीही वाकून फळीवर तीच ओंबी शोधतो.