डेरेक अंडरवूड: पावसाचा आणि उन्हाचाही गोलंदाज

श्रोतेहो, नमस्कार. अठराव्या वर्षी, पहिल्याच मोसमात शंभर बळी! १९६३ साली इंग्लंडमधल्या केंट या काउंटी (जिल्हा) संघाच्या डेरेक अंडरवूडने ही करामत केली आणि १९८७ पर्यंत तो केंटकडूनच खेळला. डावखुरा फिरकीपटू म्हणावा, तर गोलंदाजीसाठी धावत येण्याचं अंतर लांब आणि वेग जवळजवळ मध्यमगती. चेंडू गरगर वळवण्यापेक्षा त्यावरून बोटं घासत ‘कटर’ टाकण्यावर त्याचा भर असे.

त्या काळी पाऊस आला तरी काउंटीची खेळपट्टी बऱ्याचदा उघडीच राहायची. पण नुसती ओली खेळपट्टी गोलंदाजाच्या कामाची नसते. चिंब मातीवर चेंडू घसरून बॅटवर येतो, शिवाय ओला चेंडू बोटांतून सटकतो. तो पुसायला हाताशी लाकडाचा भुसा लागतो. खरी गंमत ऊन पडल्यावर. वरचा थर सुकू लागतो, खाली ओल राहते. मग चेंडू माती पकडतो, थबकतो आणि अचानक उसळतो. संथ फिरकी असेल तर फलंदाज मागे सरकून सावरतो. अंडरवूडच्या वेगापुढे तेवढी सवड मिळत नसे.

१९६८ ची, लंडनच्या ओव्हल मैदानावरची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी घ्या. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुमारास मैदानाचं तळं झालं, प्रेक्षकांनीही पाणी उपसायला हात लावला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सव्वा तास उरला होता, आणि सुरुवातीला खेळपट्टी ढिम्म! ती सुकू लागली, इंग्लंडच्या डॉलिव्हिएराने ऑस्ट्रेलियाच्या जार्मनचा त्रिफळा उडवला, आणि पुढच्या २७ चेंडूंत अंडरवूडने शेवटचे चारही गडी गुंडाळले. फलंदाजाभोवती अख्खा संघ कोंडाळं करून उभा. शेवटचा फलंदाज इन्व्हेरॅरिटी पायचीत झाला तेव्हा सहा मिनिटं बाकी होती. अंडरवूड ५० धावांत ७ बळी.

अशा खेळपट्टीवर घात होतो तो गोलंदाजाच्या हावेने. चेंडू आपोआप उसळतोय म्हणून आखूड टाकला की फलंदाज ओढून मारतो. पुढे पडला तर वळायच्या आत ड्राइव्ह. अंडरवूड टप्पा सोडत नसे. चेंडू उसळून बॅटची कड घेई, आणि मागे ॲलन नॉटसारखा यष्टिरक्षक!

म्हणूनच त्याला केवळ पावसाळी गोलंदाज म्हणणं अन्यायाचं आहे. १९७६-७७ च्या भारत दौऱ्यात, आपल्या कोरड्या खेळपट्ट्यांवर, पाच कसोटींत त्याने २९ बळी मिळवले. आपल्या सुनील गावसकरांना कसोटीत सर्वाधिक वेळा, म्हणजे बारा वेळा, बाद करणारा गोलंदाजही तोच. केरी पॅकर या उद्योजकाने भरवलेली अनधिकृत मालिका आणि पुढे वर्णभेदामुळे बहिष्कृत दक्षिण आफ्रिकेचा बंडखोर दौरा यांत त्याची कसोटीची काही वर्षं गेली. नाहीतर ८६ सामन्यांतल्या २९७ बळींवर तो थांबता ना.

१९८१ पासून काउंटीच्या खेळपट्ट्या पूर्ण झाकल्या जाऊ लागल्या. आता याचं दुकान बंद, असं वाटावं. तर १९८३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, पठ्ठ्याने पुन्हा मोसमात शंभरी ओलांडली.