फ्लोट म्हणजे सुट्टी नव्हे! कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकताना इथेच सगळे अडकतात

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच प्रश्न आलेत, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला नक्की शिकवतात काय, आणि क्रिटिकल पाथचा, म्हणजे प्रोजेक्टचा एकूण वेळ ठरवणाऱ्या सगळ्यात लांब वाटेचा, चॅप्टर डोक्यावरून जातो त्याचं काय करू. पहिलं पटकन सांगून टाकते. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर झालं की पुढे साधारण दोन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन, त्यात प्लॅनिंग, एस्टिमेटिंग, काँट्रॅक्ट, सेफ्टी, क्वालिटी, फायनान्स. फर्मागुडीच्या गोवा इंजिनीअरिंग कॉलेजला किंवा आणखी कुठेही बीई करताय तर थोडी तोंडओळख तिथेच होते. झालं.

एका बाबांनी विचारलंय, मुलीला हे शिकवू का, साइटवर पुरुषच असतात. काका, मी साइटवर उभी राहूनच शिकले. अवघड जातं, पण मुकादमाला एकदा कळलं की हिला सळईचं माप कळतं, की तो स्वतः येऊन विचारतो. पाठवा तिला.

आता फ्लोट, म्हणजे सगळं घर लांबू न देता एखादं काम जितके दिवस मागे पडू शकतं ते दिवस. सीपीएम, म्हणजे क्रिटिकल पाथ मेथड, 1957 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामातून आलं, इतकी वर्षं झाली तरी पोरं त्याच जागी चुकतात. वही घ्या. गोव्यातलं साधं चिऱ्याचं घर. प्लिंथ, म्हणजे जोतं, 10 दिवस. मग दोन वाटा फुटतात. एकीकडे चिऱ्याच्या भिंती, 25 दिवस. दुसरीकडे तयार प्लिंथवरून मापं घेऊन छपराच्या ट्रसचं, म्हणजे सांगाड्याचं, ड्रॉइंग, 8 दिवस, आणि मग फॅब्रिकेशन, म्हणजे तो ट्रस बनवणं, 10 दिवस. दोन्ही वाटा ट्रस चढवायला एकत्र येतात. भिंतींची वाट 25, ट्रसची 18, म्हणजे ट्रसच्या वाटेला 7 दिवस फ्लोट. ड्रॉइंगपुढे लिहिलंय 7, फॅब्रिकेशनपुढेही 7. आणि पोरं म्हणतात, मॅडम, चौदा दिवस हातात आहेत! नाहीत. ते एकच सात आहेत, दोघांत मिळून. ड्रॉइंगवाल्याने सहा खाल्ले की फॅब्रिकेशनला एकच उरतो.

मागून येताना, म्हणजे बॅकवर्ड पासला, शेवटच्या दिवसापासून उलटं मोजताना, अजून एक घोळ होतो. प्लिंथच्या पुढे दोन कामं आहेत, भिंती उशिरात उशिरा दहाव्या दिवसाअखेर सुरू झाल्या पाहिजेत, ड्रॉइंग सतराव्या. यातला लहान आकडा घ्यायचा, दहा! पुढे जाताना मोठा, मागे येताना लहान. सतरा घेतलात तर प्लिंथलाही सात दिवस आहेत असं दिसेल, आणि प्लिंथ एक दिवस लांबली तरी सगळं घर एक दिवस लांबतं.

हे मी पेपरमध्ये बरोबर सोडवलेलं, तरी खरं कळलं ते डिचोलीच्या बाजूला इंटर्नशिप करताना. हुबेहूब असंच काम होतं, एप्रिल-मे, पावसाच्या आधी छप्पर चढवायचं. ऑफिसातल्यांनी ड्रॉइंग सहा दिवस उशिरा दिलं, का तर शेड्यूलवर सात दिवस आहेत. फॅब्रिकेटरनेही तोच कागद बघितलेला, त्यानेही पाच दिवस जास्त घेतले, का तर माझ्याकडेही सात आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर! सहा आणि पाच अकरा, सात वजा केले, चार दिवस लेट. छप्पर येईलच म्हणून आतल्या खोलीचं प्लास्टर सुरू केलेलं आणि त्या चार दिवसांत जूनचा पहिला पाऊस आला. सकाळी गेले तर ओल्या प्लास्टरवर वरच्या चिऱ्यांमधून उतरलेले लाल पाण्याचे ओघळ, अगदी खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत. गवंडी काही बोलला नाही, नुसता थापीने खरवडायला लागला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

अजूनही पटत नसेल तर घरातली टाकी आठवा. पाचशे लिटर, वर काका राहतात, खाली तुम्ही. वरचे बघतात टाकी भरलेली, तुम्हीही बघता भरलेली. म्हणून घरात हजार लिटर पाणी झालं का? आपण मोजले ते सात दिवस म्हणजे टोटल फ्लोट, तो ती टाकी आहे. फ्री फ्लोट म्हणजे तुम्ही वापरलं तरी पुढच्याचं कमी होत नाही ते, आणि आपल्या ड्रॉइंगचा फ्री फ्लोट शून्य आहे. शून्य!

आणि "एमएस प्रोजेक्ट येतं मला, हे हाताने कशाला" असं लिहिणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. सॉफ्टवेअर टोटल स्लॅक आणि फ्री स्लॅक (स्लॅक म्हणजे फ्लोटच) असे दोन वेगळे कॉलम देतं, दुसरा उघडून बघणारे किती जण भेटलेत मला? कोणत्या कामानंतर कोणतं याची लिंक न लावता नुसत्या पट्ट्या रंगवून आणतात. कॅलेंडरमध्ये चवथीची सुट्टी नाही, पाऊस नाही. अरे, चवथीला इथे साइटवर कोण असतं?

मोपा विमानतळाचं विचारलंय एकाने. मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, ती जानेवारी 2020 मध्ये उठली. असा खंड पडला की मुदतवाढ कोणाला आणि खर्च कोणाचा, हा काँट्रॅक्टचा पेपर, त्यावर वेगळा व्हिडिओ करते.

आता तुम्ही करा. तेच घर, फक्त ड्रॉइंगला 8 ऐवजी 12 दिवस. ड्रॉइंग आणि फॅब्रिकेशन, दोन्ही कामांचा टोटल आणि फ्री फ्लोट, चारही आकडे कमेंटमध्ये टाका, मी एकेक तपासते.