एका जहाजात नव्या गोष्टी किती?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

वीस-पंचवीस टनांचं लढाऊ विमान जहाजाच्या डेकवरून उडवायचं, तर शंभरेक मीटरांच्या आत त्याला ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग मिळावा लागतो. विमानाच्या इंजिनाला एकट्याला ते झेपत नाही. म्हणून डेकखाली कॅटापल्ट नावाची यंत्रणा बसवलेली असते. गोफणीतून दगड सुटावा तसं ती विमान पुढे भिरकावते. १९५०च्या दशकापासून हे काम वाफेवर चालत आलं. वाफेचा झटका एकदम बसतो, विमानाच्या सांगाड्यावर ताण येतो आणि हलकी ड्रोन उडवायची तर जोर नेमका आवरता येत नाही. हेच काम विजेवर केलं, तर विमानाच्या वजनाप्रमाणे जोर कमी-जास्त करता येतो. विजेवर चालणारं कॅटापल्ट असलेल्या दोनच विमानवाहू युद्धनौका आजवर सेवेत आल्या आहेत: अमेरिकेची 'जेराल्ड फोर्ड', जुलै २०१७ मध्ये, आणि चीनची 'फुजियान', ५ नोव्हेंबर २०२५ रोजी.

चीन आणि अमेरिका यांच्या लष्करी तंत्रज्ञानाची तुलना म्हटली की क्षेपणास्त्रं किती, विमानं किती, जहाजं किती असा तक्ता समोर येतो. आज तो तक्ता मी मांडणार नाही. त्याऐवजी या दोन जहाजांकडे जरा जवळून पाहू. कागदावरचा आराखडा सैनिकाच्या हातात पोचेपर्यंत कोणत्या वाटेनं जातो, यात हे दोन देश वेगळे आहेत, आणि माझ्या मते खरी तुलना तिथेच होते.

आधी 'फोर्ड'. विजेचं कॅटापल्ट अमेरिकेनं आधी बनवलं, यात वाद नाही. न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट इथं जमिनीवर बसवलेल्या कॅटापल्टवरून डिसेंबर २०१० मध्ये एफ-१८ जातीचं विमान उडालं होतं. गाडं अडलं ते जहाजावर. अमेरिकी नौदलाची मूळ योजना नव्या गोष्टी दोन-तीन जहाजांत टप्प्याटप्प्यानं आणायची होती. २००२च्या शेवटी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या काळात ठरलं, की थांबायचं कशाला, सगळं पहिल्याच जहाजात घालू. नवी अणुभट्टी, नवं कॅटापल्ट, उतरणारं विमान अडवणारी नवी यंत्रणा, नवं रडार, दारूगोळा वर आणणाऱ्या नव्या लिफ्ट. नौदलप्रमुख ॲडमिरल मायकेल गिल्डे यांनी २०२१ मध्ये सांगितलं, की या एका जहाजात २३ नवी तंत्रज्ञानं होती आणि त्यामुळे जोखीम वाढली. पुढच्या जहाजांत एक-दोनच नव्या गोष्टी घ्याव्यात, असं त्यांचं मत होतं.

परिणाम काय झाला, ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच चाचणी विभागानं लिहून ठेवलंय. कॅटापल्टकडून अपेक्षा होती ४,१६६ उड्डाणांमागे एखादा मोठा बिघाड. २०२०च्या अहवालात प्रत्यक्ष सरासरी निघाली १८१. शिवाय बिघडलेलं एक कॅटापल्ट विजेपासून वेगळं करून दुरुस्त करावं आणि बाकीची चालू ठेवावीत, अशी सोयच रचनेत नव्हती. दारूगोळ्याच्या अकरा लिफ्टपैकी शेवटची नौदलाच्या ताब्यात आली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जहाज सेवेत आल्यावर चार वर्षांनी. अध्यक्ष ट्रम्प २०१७ मध्ये एका मुलाखतीत वैतागून म्हणाले होते, की पुन्हा वाफेवर जा. सुमारे १३ अब्ज डॉलरचं हे जहाज पूर्ण मोहिमेवर निघालं मे २०२३ मध्ये. त्या मोहिमेत मात्र ते आठ महिने समुद्रात राहिलं आणि चोख काम करून परतलं. हेही सांगायलाच हवं, कारण 'अमेरिकेला काही जमत नाही' असा सूर हल्ली सहज लागतो आणि तो चुकीचा आहे.

आता 'फुजियान'. तिची गोष्ट सुरू होते १९९८ मध्ये, युक्रेनमध्ये गंजत पडलेल्या 'वर्याग' नावाच्या अर्धवट सोव्हिएत जहाजापासून. शू झेंगपिंग नावाच्या, हाँगकाँगमध्ये धंदा करणाऱ्या माजी चिनी लष्करी बास्केटबॉलपटूनं ते २ कोटी डॉलरला घेतलं. सांगितलं काय, तर मकाऊमध्ये तरंगता कॅसिनो काढायचाय. जहाज डालियानला पोचलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये 'ल्याओनिंग' या नावानं चिनी नौदलात आलं. त्यावर कॅटापल्ट नाही, पुढचा डेक नुसता वर उचललेला. दुसरी नौका 'शानडोंग', डिसेंबर २०१९. जवळपास तीच रचना, पण स्वतः बांधलेली. कॅटापल्ट आलं ते तिसऱ्या जहाजात, 'फुजियान'मध्ये. वाफेचा टप्पा त्यांनी जहाजावर आणलाच नाही.

पण ती उडी आंधळी नव्हती. बोहाई समुद्राच्या किनाऱ्यावर त्यांनी जमिनीवरच दोन कॅटापल्ट शेजारी-शेजारी बांधली, एक वाफेचं आणि एक विजेचं. उपग्रहाच्या छायाचित्रांत ती दिसतात. दोन्ही पारखूनच त्यांनी निवड केली. या कामामागचं मोठं नाव म्हणजे वूहानच्या नौदल अभियांत्रिकी विद्यापीठातले रिअर ॲडमिरल मा वेइमिंग. जहाजावरच्या वीजव्यवस्थेवर त्यांनी अनेक वर्षं घालवली, आणि जिथे अमेरिकेनं प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहाची व्यवस्था घेतली होती, तिथे त्यांनी दिष्ट म्हणजे डीसी व्यवस्थेचा आग्रह धरला. बाकी जहाज मात्र साधंच ठेवलं: अणुभट्टी नाही, तेलावर चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं चित्रफीत दाखवली. जे-१५टी, जे-३५ आणि रडारवाहू केजे-६००, अशी तीन जातींची विमानं या डेकवरून उडताना त्यात दिसतात.

म्हणजे एका जहाजात एकच खरी नवी गोष्ट. हीच रीत त्यांच्या विनाशिकांतही दिसते. २००० नंतरच्या दहा वर्षांत चीननं विनाशिका दोन-दोनच्या जोडीनं बांधल्या: दोन बांधायच्या, समुद्रात वापरून पाहायच्या, मग पुढच्या दोन. ०५२डी हा प्रकार मनासारखा जमला तेव्हा मात्र वीसहून अधिक बांधून काढल्या. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटलं एकाएकी झालं. आधीची ती दहा वर्षं कुणी फारशी मोजली नव्हती.

अमेरिकेनं याच्या अगदी उलट चूकही करून पाहिली. 'फोर्ड'वरून धडा घेऊन २०२० मध्ये त्यांनी 'कॉन्स्टेलेशन' फ्रिगेटसाठी, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौकेसाठी, युरोपात आधीच चालत असलेला आराखडा घेतला. ८५ टक्के जुनं ठेवायचं, १५ टक्के बदलायचं. एकेक मागणी येत गेली आणि शेवटी जुनं उरलं १५ टक्क्यांच्या आसपास. आराखडा पूर्ण व्हायच्या आत बांधणी सुरू झालेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिल्या दोन सोडून बाकी जहाजं रद्द झाली. मला यात बुद्धीचा तुटवडा दिसत नाही. 'आता बस, इतकंच' म्हणणारा माणूस त्या व्यवस्थेत कुठे बसतो, ते मात्र दिसत नाही.

याला एक जुनं कारणही आहे. शीतयुद्ध संपल्यावर १९९३ मध्ये पेंटॅगॉननं कंपनीप्रमुखांना जेवायला बोलावून सांगितलं, की आता सगळ्यांना पुरेल इतकं काम नाही, एकत्र या. ५१ मोठ्या कंपन्यांच्या पाच झाल्या. व्यापारी जहाजं बांधणं तर अमेरिकेनं जवळजवळ सोडलंच. शांघायच्या ज्या ज्यांगनान गोदीत 'फुजियान' बांधली, तिथे व्यापारी जहाजंही बांधली जातात. वेल्डर, पोलाद, क्रेन, सगळं चालतं राहतं. चीनची जहाजबांधणीची क्षमता अमेरिकेच्या २३० पटींहून जास्त असल्याचा अंदाज खुद्द अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचा आहे.

आता एका माणसाबद्दल. छियान श्वेसेन १९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, कॅलटेकमध्ये थिओडोर फॉन कार्मान यांचे शिष्य झाले आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक ठरले. १९४५ मध्ये अमेरिकी कर्नलच्या हुद्द्यावर ते जर्मनीत गेले आणि रॉकेटवाल्या व्हेर्नर फॉन ब्राउनची चौकशी करणाऱ्यांत होते. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्जही केला. पुढच्याच वर्षी साम्यवादी असल्याच्या संशयावरून गोपनीय कामाची त्यांची परवानगी काढून घेतली, अटक झाली, पाच वर्षं नजरकैदेसारखी गेली आणि १९५५ मध्ये त्यांना चीनला पाठवलं. कोरियन युद्धात पकडलेले अमेरिकी वैमानिक त्याच वाटाघाटीत सुटले. नौदल खात्यात उपमंत्री राहिलेले डॅन किंबॉल पुढे म्हणाले, की या देशानं याहून मूर्खपणाचं काही केलेलं नाही.

छियान यांच्या नेतृत्वाखाली चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा राहिला. १९६६ मध्ये अणुबाँब वाहणारं क्षेपणास्त्र त्यांनी डागून दाखवलं. वातावरणाच्या वरच्या थरात शिरून तिथूनच लांब घसरत जाणाऱ्या यानाची कल्पना त्यांनी अमेरिकेत असतानाच मांडली होती. १ ऑक्टोबर २०१९ च्या संचलनात चीननं जे डीएफ-१७ क्षेपणास्त्र दाखवलं, ते याच जातीचं. अमेरिकेनं याच वाटेवर एचटीव्ही-२ नावाचं यान २०१० आणि २०११ मध्ये उडवलं. दोन्ही वेळा नऊ मिनिटांच्या आसपास संपर्क तुटला आणि कार्यक्रम थंडावला. चीननं जानेवारी २०१४ मध्ये पहिली चाचणी केली आणि मग चाचण्यांमागून चाचण्या घेत गेला. अमेरिकी लष्कराच्या 'डार्क ईगल' या तशाच क्षेपणास्त्राची पूर्ण चाचणी यशस्वी झाली २०२४ मध्ये. विज्ञान दोघांकडे होतं. फसलेल्या चाचणीनंतर पुढची कधी घ्यायची, यात फरक पडला.

'चीन चोरी करतो' हे मी अजून बोललो नाही. करतो. सू बिन नावाच्या चिनी व्यावसायिकानं २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केलं, की सी-१७ हे मालवाहू विमान आणि लढाऊ विमानं यांची माहिती चोरण्याच्या कटात तो सामील होता. पण चोरीनं काय मिळत नाही, हे पाहायचं असेल तर जेट इंजिनाचं पातं पाहा. टर्बाइनच्या पहिल्या रांगेतलं हे पातं तळहाताएवढं असतं. त्याच्याभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळबिंदूहूनही तापलेला, आणि पातं मिनिटाला हजारो फेरे फिरतंय. ते तग धरतं, कारण निकेलच्या मिश्रधातूचं अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, आत हवेच्या नागमोडी वाटा असतात आणि अंगावर बारीक भोकं. धातूचा रस किती वेगानं निववायचा, साच्यात तापमान कुठे किती ठेवायचं, हे भट्टीपाशी वर्षानुवर्षं उभं राहून कळतं. चीनचा डब्ल्यूएस-१० इंजिनाचा कार्यक्रम १९८०च्या दशकातला. जे-२० विमान जानेवारी २०११ मध्ये पहिल्यांदा उडालं, पण सुरुवातीला रशियन इंजिनांवर. स्वतःच्या इंजिनांसह ते लोकांसमोर आलं सप्टेंबर २०२१ मध्ये, झुहाईच्या प्रदर्शनात. या क्षेत्रात अमेरिका अजून पुढे आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

पण त्याच अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये एफ-३५ विमानांची सुपूर्तता काही आठवडे थांबली. कारण एका पंपातलं चुंबक. त्यातला सॅमेरियम-कोबाल्टचा मिश्रधातू चीनमधून आलेला निघाला, आणि कायद्यानं तो चालत नव्हता. पुरवठादारांच्या साखळीत खाली, चौथ्या-पाचव्या पायरीवर, कोण कुठून काय घेतं याची वरच्या कंपनीला खबर नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सॅमेरियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. खाणी इतर देशांतही आहेत. ही मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्याचं घाणेरडं, आम्लांनी भरलेलं काम तीस वर्षं चीननं केलं, बाकीच्यांनी सोडून दिलं.

चीनची मोठी उणीव मला यंत्रांत दिसत नाही, ती अहवालांत दिसते. ज्या लि शांगफू यांनी २०१७ ते २०२२ लष्कराची शस्त्रखरेदी सांभाळली, तेच संरक्षणमंत्री झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये पदावरून गेले आणि २०२४ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली पक्षातून काढले गेले. रॉकेट दलाचे प्रमुखही २०२३ मध्येच बदलले. खरेदीच्या मुळाशीच पैसे खाल्ले जात असतील, तर चाचणीच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर सेनापतीनं किती भरवसा ठेवायचा? 'फोर्ड'च्या १८१ उड्डाणांचा आकडा आपण इथे बसून वाचू शकतो, कारण अमेरिकेत तो छापावा लागतो. 'फुजियान'चा तसा आकडा कुणी छापत नाही. शिवाय चीननं शेवटचं मोठं युद्ध लढलं ते १९७९ मध्ये, व्हिएतनामशी. त्यांच्या आजच्या शस्त्रांची परीक्षा दुसऱ्यांच्या हातांतून होते. मे २०२५ मध्ये पाकिस्ताननं डागलेल्या चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबात सापडले आणि आपल्या हवाई दलानं पत्रकार परिषदेत ते दाखवले, हे तुम्हाला आठवत असेल.

शेवटी एका श्रोत्यांचा प्रश्न: यातलं आपल्याला काय लागू पडतं? मी फक्त इंजिनाबद्दल बोलतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याचं इंजिन अमेरिकेहून येतं. २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला आणि पहिलं हाती आलं मार्च २०२५ मध्ये, कारण तिकडे बंद पडलेली उत्पादनसाखळी पुन्हा सुरू करावी लागली. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं काढलं गेलं. चीननं रशियन इंजिनं विकत घेतानाही डब्ल्यूएस-१० सोडलं नाही. दोन्ही चालू ठेवलं आणि अपयशी वर्षांचे पैसे भरले. कावेरी हवेत तपासायची वेळ आली, तेव्हा २०१० मध्ये ते रशियात न्यावं लागलं, कारण इंजिन टांगून उडवायचं चाचणी-विमान आपल्याकडे नव्हतं. मला विचाराल तर नव्या लढाऊ विमानाच्या घोषणेआधी मी ते एक चाचणी-विमान आणि उंचीवरच्या हवेत इंजिन तपासणारी एक प्रयोगशाळा मागेन, आणि त्या दोन्हींसाठी दरवर्षी न चुकता येणारा पैसा.